एका दाण्यापुरती आग

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सगळी शितं एकाच पातेल्यात, एकाच आचेवर शिजलेली असतात. ज्वालामुखीच्या राखेला हा हिशेब लागू पडत नाही. उद्रेकात जन्मलेले स्फटिक, वर येताना आजूबाजूच्या खडकातून खरवडले गेलेले जुने दाणे, मागाहून ओढ्याने आणून टाकलेली वाळू, असं सगळं राखेच्या एका थरात नांदत असतं. त्यातलं मूठभर उचलून वय काढलं, तर येणारं उत्तर त्यातल्या कोणाचंच वय नसतं.

याचा सर्वांत गाजलेला मासला केनियातला. तुर्काना सरोवराच्या पूर्वेला केबीएस टफ नावाचा राखेचा थर आहे. त्याच्या खाली आणि वर मानवपूर्वजांचे जीवाश्म सापडतात. रिचर्ड लीकी यांच्या चमूला 1972 मध्ये मिळालेली 1470 क्रमांकाची कवटी या थराच्या खालचीच. थराचं वय ठरलं की कवटीचं किमान वय ठरणार होतं. फिच आणि मिलर यांनी तपासलेल्या पहिल्या नमुन्याने उत्तर दिलं सुमारे 22 कोटी वर्षं, म्हणजे डायनोसॉरांच्या पहाटेचं. जुन्या दाण्यांची भेसळ उघड होती. निवडून घेतलेल्या दुसऱ्या नमुन्याने 26 लाख वर्षं सांगितलं आणि 1970 मध्ये तो आकडा छापून आला. पण त्याच थराच्या आसपासचे रानडुकरांचे जीवाश्म म्हणत होते की हे इतकं जुनं नाही. दशकभर वाद चालला. अखेर सुमारे 18 लाख 80 हजार वर्षांवर एकमत झालं, तेही प्यूमिसच्या गोळ्यांतून फेल्डस्पारचे दाणे डोळ्यांत तेल घालून वेचल्यावर.

आज एकेक दाणा वितळवून त्याचं वय काढतात ते लेझरने. पण हा वाद लेझरने मिटवलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो. लेझरच्या जाहिरातीत त्याची कथा उगीच घुसडली जाते. पण लेझरची गरज का भासली, ते त्यातून दिसतं. साधी बेरीज करून बघा. 5 लाख वर्षांच्या 99 दाण्यांत 30 कोटी वर्षांचा एकच दाणा मिसळला आणि सगळ्यांत पोटॅशियम सारखंच धरलं, तर सरासरी वय येतं सुमारे 35 लाख वर्षं. शंभरात एक खडा, आणि उत्तर सातपट चुकलेलं.

या घड्याळाची चावी पोटॅशियममध्ये आहे. निसर्गातल्या पोटॅशियमपैकी जेमतेम 0.012 टक्के अणू पोटॅशियम-40 या किरणोत्सारी समस्थानिकाचे असतात. त्याचं अर्धायुष्य सुमारे 125 कोटी वर्षं. फुटणाऱ्या दर शंभर अणूंतले अकराच्या आसपास अरगॉन-40 होतात, उरलेले कॅल्शियम. अरगॉन निष्क्रिय वायू, कोणाशी संग करत नाही. खडक वितळलेला असताना तो निसटून जातो, थिजल्यावर स्फटिकात अडकून साठत राहतो. साठा किती आणि पोटॅशियम किती हे कळलं की वय निघतं. जुन्या पद्धतीत या दोन मोजण्या नमुन्याच्या दोन वेगळ्या वाट्यांवर कराव्या लागत. एकाच दाण्याचे दोन वाटे कसे करणार?

यावर तोड काढली क्रेग मेरीह्यू आणि ग्रेनव्हिल टर्नर यांनी. नमुना आधी अणुभट्टीत ठेवायचा. वेगवान न्यूट्रॉनच्या माऱ्याने पोटॅशियम-39 चा थोडा हिस्सा अरगॉन-39 होतो. मग त्याच दाण्यातून, एकाच वेळी, अरगॉन-40 आणि अरगॉन-39 यांचं गुणोत्तर मोजायचं. पोटॅशियम वेगळं मोजायची गरजच उरत नाही. हा निबंध 1966 मध्ये प्रसिद्ध झाला. मेरीह्यू तो बघायला नव्हते, आदल्या वर्षी गिर्यारोहणात त्यांचा अपघाती मृत्यू झाला होता. आज जगभर वापरात असलेलं अरगॉन-अरगॉन कालमापन ते हेच.

म्हणजे एका दाण्याचं वय काढण्याची युक्ती 1966 मध्येच हाताशी होती. मग घोडं अडलं कुठे? भट्टीत.

दाण्यातला अरगॉन बाहेर काढायचा तर दाणा निर्वातात वितळवावा लागतो. त्यासाठीची प्रयोगशाळेतली भट्टी म्हणजे सोनाराच्या मुशीचीच थोरली बहीण: टँटलमसारख्या दुर्गल धातूची मूस, बाहेरून विजेचं तापकुंडल, आत आणि बाहेर दोन्हीकडे निर्वात. ती 1400 अंशांच्या वर जाते. पण गुंजेच्या शतांशाहून हलका दाणा वितळवायला सगळी मूस पांढरी होईस्तोवर तापवावी लागते, आणि तापलेल्या मुशीच्या भिंतींतून त्यांच्यातच मुरलेला हवेतला अरगॉन बाहेर पडू लागतो. हवेत अरगॉन काही दुर्मीळ नाही, जवळजवळ 0.93 टक्के आहे. प्रयोगशाळेच्या बोलीत या उपऱ्या वायूला ‘ब्लँक’ म्हणतात, आणि तो तापमानाबरोबर वाढत जातो.

दाण्यात अरगॉन असतो तरी किती, याचा हिशेब मी एकदा कागदावर मांडला होता. दहा टक्के पोटॅशियम असलेला, सॅनिडीन नावाच्या फेल्डस्पारचा एक मिलिग्रॅमचा दाणा घ्या, साखरेच्या दाण्याएवढा. वय 6 कोटी 60 लाख वर्षं. एवढ्या काळात त्यात साठलेला अरगॉन-40 भरतो सुमारे 700 अब्ज अणू. आकडा छाती दडपणारा वाटतो. पण तेवढाच अरगॉन साध्या हवेच्या ज्या बुडबुड्यात मावतो, त्याची बाजू मिलिमीटरचा सातवा हिस्सा. साडेसहा कोटी वर्षांची कमाई आणि डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढी हवेची गळती, दोन्हींचं वजन सारखं.

लेझरने नेमकं काय दिलं हे इथे कळतं. उष्णता भट्टीतही होती. लेझरमुळे दाणा तापतो आणि त्याच्याभोवतीचं सगळं थंड राहतं. किरण खिडकीतून आत येतो, मिलिमीटरभर जागेवर पडतो; पोलादी कोष हाताला गार लागतो. भिंती गार म्हणून ब्लँक भट्टीच्या तुलनेत नगण्य, आणि ब्लँक नगण्य म्हणूनच एकटा दाणा बोलू लागतो. लेझरच्या ताकदीचं कौतुक बरंच होतं. माझ्या मते कौतुक करायचं तर त्या गार भिंतींचं करावं.

थिओडोर मेमन यांनी पहिला लेझर 1960 मध्ये पेटवला. सातच वर्षांत जॉर्ज मेग्रू यांनी लेझरच्या झोताने उल्कापाषाणांतले निष्क्रिय वायू सोडवून मोजले, आणि 1973 मध्ये अपोलो 14 ने आणलेल्या 14301 क्रमांकाच्या चांद्रखडकातल्या वेगवेगळ्या ठिपक्यांची वयं याच वाटेने काढली. ते लेझर स्पंदांचे होते, क्षणभर भडकून विझणारे. पृथ्वीवरच्या तरुण, कमी अरगॉनच्या खनिजांना त्यांचा फारसा उपयोग नव्हता. खरी वाट मोकळी झाली 1981 मध्ये, टोरोंटोत. डेरेक यॉर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अखंड जळणारा लेझर वापरून पार्थिव खनिजांची वयं काढली. अखंड किरणाचा फायदा असा की आच कमी-जास्त करता येते. 1987 पर्यंत त्याच गटाने हॉर्नब्लेंड आणि बायोटाइटचा एकेक दाणा पायऱ्यापायऱ्यांनी तापवून त्याच्या वयांचा पूर्ण आलेख काढला होता. त्याच वर्षी फ्रान्समधल्या नेशेरच्या प्यूमिसवर लेझर चालवून जुने भेसळीचे दाणे एकेक करून बाजूला काढले गेले. वरच्या बेरजेतला खडा प्रत्यक्षात पकडता येतो हे दिसलं. निबंधाच्या मथळ्यातच ‘भेसळीचा पराभव’ अशा अर्थाचे शब्द होते. एवढा आनंद माफ आहे.

प्रत्यक्ष काम कसं चालतं ते जवळून बघण्यासारखं आहे. अणुभट्टीतून परत आलेले दाणे तांब्याच्या चकतीतल्या उथळ वाट्यांमध्ये एकेक करून ठेवतात. हे काम चिमट्याने, सूक्ष्मदर्शकाखाली, श्वास आवरून. चकती कोषात जाते, झाकण म्हणून वर खिडकी बसते, आणि रात्रभर, कधी कित्येक दिवस, सगळी यंत्रणा मंद आचेवर ‘बेक’ करत ठेवतात, म्हणजे भिंतीला चिकटलेलं पाणी आणि हवा निघून जावी. मग लेझर. कार्बन डायॉक्साइड लेझरचा किरण डोळ्यांना दिसत नाही, म्हणून नेम धरायला सोबत एक लाल ठिपका सोडतात. पडद्यावर दाणा आधी नुसता बसलेला असतो. मग कडेने लाली चढते, नारिंगी, पिवळा, आणि एकाएकी त्याचे कोपरे विरघळून काचेचा गोल मणी होतो. पापुद्र्यांचा बायोटाइट आधी फुगतो. काही दाणे तापताच टुणकन उडून शेजारच्या वाटीत पडतात, आणि दोन्ही वाट्यांचं काम वाया जातं. बाहेर आलेला वायू झिरकोनियमच्या मिश्रधातूच्या ‘गेटर’वरून जातो, तिथे नायट्रोजन, ऑक्सिजन, पाण्याची वाफ असले क्रियाशील वायू अडकतात. निष्क्रिय अरगॉन तेवढा पुढे सरकून मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये शिरतो.

कोणता लेझर घ्यायचा, हे खनिज ठरवतं. निओडिमियम-याग लेझरचा 1064 नॅनोमीटरचा किरण काळ्या बायोटाइटला झकास तापवतो. पारदर्शक सॅनिडीन किंवा क्वार्ट्झमधून मात्र तो खिडकीतून जावा तसा आरपार निघून जातो. कार्बन डायॉक्साइड लेझरची तरंगलांबी 10.6 मायक्रोमीटर. सिलिकॉन-ऑक्सिजन बंध याच पट्ट्यात ऊर्जा शोषतो, त्यामुळे गोरं-काळं असा भेद न करता तो कुठलंही सिलिकेट वितळवतो. त्याची अडचण खिडकीची. साधी काच स्वतःच सिलिकेट, ती हा किरण पुढे जाऊच देत नाही. म्हणून पिवळसर झिंक सेलेनाइडची खिडकी लागते. ती महाग, नाजूक, आणि फुटली तर तिची पूड विषारी. अलीकडे डायोड लेझर बरेच आले आहेत. ते आटोपशीर आहेत आणि त्यांची आच पायरोमीटरच्या मापाला बांधून स्वयंचलित करता येते.

आता लेझरचं उणं. भट्टीत तापमान किती हे ठामपणे सांगता येतं. लेझरखाली ते सांगणं कठीण. निबंधांच्या तक्त्यांत ‘700 अंश, 800 अंश’ याऐवजी पुष्कळदा वॅटचे आकडे छापलेले दिसतात, म्हणजे चूल किती मोठी केली ते कळतं, दूध किती तापलं ते कळत नाही. किरणाचा मध्य अधिक प्रखर, कड मंद. त्यामुळे एकाच दाण्याचा मधला भाग वितळलेला आणि कोपरा अजून घट्ट, असं होतं. अरगॉन कोणत्या तापमानाला स्फटिकातून किती वेगाने निसटतो, हे मोजणाऱ्यांना ही ढिलाई चालत नाही, ते भट्टीलाच चिकटून आहेत आणि त्यांचं बरोबर आहे. बाकीच्यांनी मध्यममार्ग काढला: पैलू पाडलेल्या भिंगाने किरण फोडून काही मिलिमीटरच्या चौकोनावर सारखा पसरवायचा आणि दाण्यांचा पातळ थर एकदमच शेकायचा.

अशा बारकाईने काय साधलं याचा एक नमुना मला फार आवडतो. इ. स. 79 मध्ये व्हेसुव्हियसने पाँपेई गाडलं. धाकट्या प्लिनीने ते पाहून लिहून ठेवलं. म्हणजे उद्रेकाची तारीख खडकाला न विचारताच आपल्याला माहीत आहे. 1997 मध्ये पॉल रेने आणि सहकाऱ्यांनी त्याच उद्रेकातल्या सॅनिडीनवर अरगॉन-अरगॉन पद्धत चालवली. उत्तर आलं 1925 वर्षं, 94 वर्षं इकडे-तिकडे. खरं अंतर होतं 1918. अब्जावधी वर्षं मोजण्यासाठी घडवलेल्या घड्याळाने रोमन बखरीला दुजोरा दिला.

पण बारकाई वाढली की जुनी पापंही दिसू लागतात. 1992 मध्ये कार्ल स्विशर आणि सहकाऱ्यांनी मेक्सिकोतल्या चिक्शुलूब विवराच्या वितळखडकाचं वय दिलं 6 कोटी 49 लाख 80 हजार वर्षं, चूक फक्त 50 हजारांची. डायनोसॉरांचा अंत आणि उल्कापात एकाच वेळचे, हे त्याने पक्कं झालं. आज डायनोसॉरांच्या अंताची ती सीमा सुमारे 6 कोटी 60 लाखांवर मानली जाते. मोजणी चुकली होती का? नाही. ही पद्धत तुलनेची आहे. अणुभट्टीत नमुन्यासोबत ज्ञात वयाचं एक खनिज ठेवतात आणि सगळी वयं त्याच्या मापाने निघतात. बहुतेकांचं माप म्हणजे अमेरिकेच्या कोलोरॅडोतल्या फिश कॅन्यन टफमधला सॅनिडीन. त्याचं वय 1998 मध्ये 2 कोटी 80 लाख 20 हजार धरलं गेलं. 2008 मध्ये मोरोक्कोतल्या, पृथ्वीच्या कक्षेच्या आवर्तनांशी जुळवलेल्या थरांवरून ते 2 कोटी 82 लाख 1 हजार केलं गेलं. मापाचं वजनच बदललं, म्हणून सगळ्या दुकानांतला माल पुन्हा तोलावा लागला. जुना आकडा वाचताना त्यामागे कोणतं माप होतं हे न पाहता दोन निबंधांची तुलना करणं ही या क्षेत्रातली नेहमीची फसगत.

अरगॉनइतकाच मोठा बदल लेझरने ऑक्सिजनच्या समस्थानिकांच्या मोजणीत केला, पण तो तुलनेने कमी सांगितला जातो. सिलिकेटमधला ऑक्सिजन काढायला नुसती उष्णता पुरत नाही, फ्लुओरीनयुक्त संयुगाने तो हुसकावून लावावा लागतो. क्लेटन आणि मायेदा यांनी 1963 मध्ये ब्रोमीन पेंटाफ्लुओराइडची रीत बसवली: निकेलच्या नळ्या, त्यांना पाच-सहाशे अंशांची आच, रात्रभर मुक्काम. क्वार्ट्झ, फेल्डस्पार त्यात मुकाट्याने शरण येत. ऑलिव्हिन, गार्नेट, कायनाइट मात्र हट्टी. अर्धवट विरघळत आणि अर्धवट प्रक्रियेत हलकी-जड समस्थानिकं सारख्या प्रमाणात बाहेर येत नाहीत. अधिक तापवावं तर नळीच खाल्ली जाते. 1990 मध्ये झॅकरी शार्प यांनी कार्बन डायॉक्साइड लेझरने नमुनाच तेवढा तापवला, नळी थंड. पुन्हा तीच गोष्ट! मिलिग्रॅम-दोन मिलिग्रॅम नमुना, काही मिनिटांचं काम.

परिणाम बघा. भूप्रावरणातल्या ऑलिव्हिनची जुनी मूल्यं इतकी विखुरलेली होती की त्यावर प्रावरणाच्या गुंतागुंतीचे सिद्धान्त उभे राहिले होते. 1994 मध्ये मॅटी, लाउरी आणि मॅकफर्सन यांनी लेझरने मोजलं तर सगळी मूल्यं 5.18 सहस्रांशाच्या आसपास गोळा झाली. विखुरलेपणाचा बराचसा भाग नळ्यांचा निघाला. मग 2001 मध्ये वीशर्ट आणि सहकाऱ्यांनी 31 चांद्रनमुने याच पद्धतीने तपासून चंद्र आणि पृथ्वीचा ऑक्सिजन वेगळा ओळखता येत नाही असं दाखवलं. 2014 मध्ये हेरवार्ट्झ यांच्या गटाला दशलक्षात 12 भागांचा फरक सापडला, 2016 मध्ये यंग यांच्या गटाला तो सापडला नाही. वादाचा फरक एवढा बारीक असावा, हीच उपकरणाची शाबासकी.

हीलियमकडे थोडक्यात. अ‍ॅपटाइटमधलं युरेनियम-थोरियम फुटून हीलियम तयार होतो आणि सुमारे 70 अंशांखाली आला की दाणा तो धरून ठेवतो. त्यावरून डोंगर कधी उघडा पडला हे कळतं. इथे लेझर थेट दाण्यावर मारत नाहीत, कारण नंतर त्याच दाण्यातलं युरेनियम मोजायचं असतं आणि ते उडून जाता कामा नये. म्हणून दाणा प्लॅटिनमच्या इवल्याशा पुडीत बांधतात आणि पुडी तापवतात. अतिनील लेझर तर तापवतही नाही, पृष्ठभागाचा पापुद्रा उडवतो. दाण्याच्या कडेपासून गाभ्यापर्यंत अरगॉन कसा घटत-वाढत गेला ते त्याने कळतं.

आता आपल्या पायाखाली. दख्खनचे लाव्हाथर डायनोसॉरांच्या अंताच्या आधीचे की नंतरचे, हा प्रश्न चाळीसेक वर्षं धगधगतो आहे. वेंकटेशन, पांडे आणि गोपालन यांनी 1993 मध्ये पश्चिम घाटातल्या थरांच्या वयांवरून बराचसा लाव्हा त्या सीमेच्या आधीच वाहून गेला असं मांडलं. नंतरच्या आकड्यांनी हे चित्र बदललं. फेब्रुवारी 2019 मध्ये ‘सायन्स’च्या एकाच अंकात दोन निबंध आले. कोर्टनी स्प्रेन आणि सहकाऱ्यांनी प्लॅजिओक्लेज या फेल्डस्पारच्या अरगॉन-अरगॉन वयांवरून म्हटलं की सुमारे तीन-चतुर्थांश लाव्हा सीमेनंतरचा. ब्लेअर शोन यांच्या गटाने घाटातल्या लाव्हाथरांमधल्या लाल मातीच्या, म्हणजे ‘बोल’च्या, पट्ट्यांतून वेचलेल्या झिरकॉनच्या युरेनियम-शिसे वयांवरून उद्रेकाचे चार झपाटे दाखवले आणि त्यातला एक मोठा झपाटा अंताच्या अगदी आधीचा ठरवला. महाबळेश्वरहून आंबेनळी घाट उतरून पोलादपूरला जाणारा माणूस तासाभरात या वादातून पार होतो. थरांची नावंही तीच, महाबळेश्वर, आंबेनळी, पोलादपूर.

दोन्ही गट नामांकित, दोन्ही आकडे बारीक, मग मेळ का नाही? मला वाटतं, कारण खनिजांत आहे. झिरकॉनमध्ये बारीक वेळ मिळतो, पण तो बेसाल्टचा नव्हे; थरांच्या मधल्या काळात येऊन पडलेल्या राखेचा तो दाणा, आणि तो स्वतः आधीच कुठेतरी जन्मून पडून राहिलेला असू शकतो. हे दुखणं शितावरून भाताचंच. प्लॅजिओक्लेज लाव्हाचा स्वतःचा, पण त्यात पोटॅशियम हजारात एखाद-दोन भाग. वरच्या सॅनिडीनच्या दाण्यात हवेच्या बुडबुड्याएवढा अरगॉन होता; इथे त्याचा पन्नासावा-शंभरावा हिस्सा. एकेक दाणा वितळवण्याची चैन परवडत नाही, शेकडो दाणे पसरट किरणाखाली एकत्र शेकावे लागतात. त्यात एखादा दाणा आतून झिओलाइट किंवा चिकणमातीने पोखरलेला असला तर तो नकळत सगळ्यांना बाटवतो. म्हणून लेझर लावायच्या आधीचं काम, दाणे फोडणं, आम्लात धुणं, सूक्ष्मदर्शकाखाली डागाळलेले वगळणं, हेच दख्खनच्या बाबतीत निर्णायक आहे. पवईच्या आयआयटीतल्या राष्ट्रीय सुविधेतून दख्खनची कितीतरी वयं विजेच्या भट्टीवर निघाली आहेत; अख्ख्या बेसाल्टच्या नमुन्यासाठी ती काही कमअस्सल रीत नव्हे. भट्टी की लेझर यापेक्षा आत काय घातलं, याला इथे जास्त वजन आहे.

शिवाय प्लॅजिओक्लेजला घाई असते. त्यात कॅल्शियम भरपूर, आणि अणुभट्टीत कॅल्शियमपासूनही अरगॉनची लुडबुड करणारी समस्थानिकं बनतात. ती किती बनली हे कळतं अरगॉन-37 वरून, आणि त्याचं अर्धायुष्य फक्त 35 दिवसांचं. अणुभट्टीतून आलेला नमुना लगेच हाताळता येत नाही, किरणोत्सार निवायला वाट पाहावी लागते. फार वाट पाहिली तर पाच महिन्यांत अरगॉन-37 विसाव्या हिश्श्यावर येतं आणि दुरुस्तीचा आधारच निसटू लागतो. साडेसहा कोटी वर्षं थांबलेला दाणा अणुभट्टीतून बाहेर आला की त्याच्या मोजणीला काही महिन्यांचीच मुदत उरते, आणि मास स्पेक्ट्रोमीटरपुढची रांग बहुधा त्याहून लांब असते.